वास झाकायचा की वास पसरवायचा?

भाद्रपद सरत आला की दौलताबादच्या घाटाखालच्या शिवारात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. डोंगरउतारावरच्या सीताफळांचे डोळे उघडू लागतात आणि खालच्या मक्याच्या कणसांत दूध भरते. सीताफळाच्या पाट्या किल्ल्यासमोरच्या रस्त्याला लागतात, घरात चार पैसे येतात. मक्यात दूध भरल्याची वार्ता मात्र आपल्याआधी रानडुकरांना पोचलेली असते.

आमच्या दादाचा दीड एकर मका ओढ्याच्या काठी आहे. मागल्या हंगामात एका रात्रीत डुकरांच्या कळपाने त्याचा ओढ्याकडचा सगळा कोपरा आडवा केला. डुक्कर खाते थोडे आणि नासते फार. ताट पाडायचे, कणसाचा एक लचका तोडायचा आणि पुढचे ताट धरायचे, ही त्याची रीत. सकाळी वहिनी त्या कोपऱ्यात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. खुरपणी त्यांनीच केली होती, खताची पिशवी त्यांनीच डोक्यावरून नेली होती. बोलल्या काहीच नाहीत. पण त्या दिवशी घरात कोणी नीट जेवले नाही, आणि त्यातूनच आमच्या पुतण्याच्या डोक्यात शिकारीचे खूळ शिरले.

पुतण्या बारावी झालेला, हुशार. मोबाईलवर परदेशातल्या शिकाऱ्यांची कृती त्याने शोधून काढली. अंगाचा आणि कपड्यांचा वास घालविणारा फवारा घरच्या घरी करायचा, तो मारून रानात बसायचे, जनावराला माणसाचा सुगावाच लागत नाही, अशी ती कृती. मेडिकलच्या दुकानातून जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणले, वहिनींच्या डब्यातला खाण्याचा सोडा घेतला, भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचे चार थेंब टाकले. सगळे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून बूच घट्ट पिळले आणि बाटली फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिली.

रात्री दीडच्या सुमारास घरात बार झाला. दादा काठी घेऊन अंगणात धावले, वहिनींना वाटले गॅसची टाकीच गेली. पाहतात तो फडताळाचे दार उघडे, लोणच्याची बरणी फुटलेली, आणि भिंतीवरून पांढरा फेस ओघळतो आहे. बाटली प्लॅस्टिकची होती आणि जवळ कोणी झोपलेले नव्हते, म्हणून लोणच्यावर निभावले.

हे का झाले ते आधी सांगतो, कारण ही कृती पुष्कळ तरुण पोरांच्या हाती आता पोचली आहे. पेरॉक्साइड म्हणजे पाण्यात प्राणवायूचा एक जादा कण अडकवून ठेवलेला द्रव. बाटलीत तो जरा आंबट ठेवलेला असतो, म्हणून टिकतो. त्यात सोडा पडला की तो आंबटपणा जातो आणि अडकलेला प्राणवायू सुटू लागतो. उघड्या भांड्यात तो उडून जातो. बूच लावलेल्या बाटलीत त्याला वाट मिळत नाही. अमेरिकेत स्कंक नावाचा मांजराएवढा प्राणी आहे. तो शेपटीखालून असा घाण द्रव मारतो की कुत्र्याला त्याचा वास लागला तर त्याला घरात घेता येत नाही. पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९९३ साली तो वास घालविण्यासाठी हेच पेरॉक्साइड, सोडा आणि साबणाचे मिश्रण प्रसिद्ध केले. मिश्रण ताजे करावे, लगेच वापरावे आणि कधीही बंद बाटलीत साठवू नये, ही ताकीद त्या कृतीबरोबरच चालत आली आहे. पोरांच्या मोबाईलवर कृती येते, ताकीद मागे राहते.

बरणीचे तुकडे गोळा झाल्यावर मी पुतण्याला एवढेच विचारले, "वास गेला, डुक्कर समोर आलं. पुढं काय करणार होतास?"

तो खाली बघून म्हणाला, "काका, मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचे फास करून ठेवलेत."

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ ओट्यावर बसलो.

शिकार ही आपल्या भागाला नवी नाही. अजिंठ्याची लेणी जगापुढे आली तीच मुळी शिकारीच्या निमित्ताने. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर असताना त्याला वाघूर नदीच्या वळणावर ती दिसली. १९७२ पूर्वी परवाना काढून शिकार करता येत असे. त्या साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानेही आरंभी काही परवाने ठेवले होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. आज रानडुक्कर, रोही, हरीण, ससा यांपैकी कशाचीही शिकार हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि बिबट्यासारखा पहिल्या यादीतला प्राणी असेल तर शिक्षा याहून कडक. तारेच्या फासाला डोळे नसतात. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो, शेजाऱ्याचे वासरू अडकते. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराचा बंदोबस्त करण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्यांना दिला आहे. ती लेखी लागते, आणि आपण आपल्या मनाने ती गृहीत धरता येत नाही.

हे सगळे पुतण्याने ऐकून घेतले, पण त्याचा खरा प्रश्न निराळाच होता. "मंग वास जातो का नाही, ते तरी सांगा."

त्यासाठी मी त्याला आमच्या गल्लीतल्या आबांकडे नेले. आबा आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. कायदा येण्यापूर्वी, पोरसवदा असताना, परवानेवाल्या शिकाऱ्यांबरोबर ते हाकारे म्हणून रानात जात. पुतण्याची कृती ऐकून ते खूप हसले.

"आमच्या वक्ताला कुठला आला फवारा? आदल्या दिवसापासून कांदा नाही, लसूण नाही, बिडी नाही. अंगाला साबण लावायचा नाही, नुस्ती माती चोळून आंघोळ. कपडे रातभर गोवऱ्यांच्या धुरावर टांगायचे. आन् खिशात राखेची पुडी."

राख कशाला, असे पुतण्याने विचारले.

"वारं बघायला. चिमूटभर राख सोडायची. ज्या अंगाला राख गेली त्या अंगाला तुझा वास गेला. मग कितीबी धूर घे, डुक्कर त्या अंगाला असलं तर ते गेलंच म्हणून समज."

आबांचे हे बोलणे शास्त्राला धरून आहे. घामाला मुळात फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू घाम खाऊन त्यातून आंबूस आम्ले तयार करतात आणि ती हवेत उडतात. खाण्याचा सोडा त्या आम्लांना मारतो आणि त्यांचे न उडणारे क्षार करतो, पेरॉक्साइड वासाच्या कणांची मोडतोड करते, साबण अंगावरचा तेलकट थर काढतो. म्हणजे फवारा खोटा नाही, वास कमी होतो. पण अंग कोरडे होताच जंतू पुन्हा कामाला लागतात, श्वास चालूच असतो, आणि कातडीचे सूक्ष्म कण सतत झडत असतात. अमेरिकेत वास शोषून घेणारे शिकारीचे खास कपडे घालून माणसे लपवली आणि शोधक कुत्री सोडली, असा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांनी त्या कपड्यांतली माणसेही हुडकून काढली.

डुकराचे नाक तर कुत्र्याच्या नाकाला हार जाणारे नाही. वास ओळखण्याची जनुके माणसात सुमारे चारशे चालू स्थितीत आहेत. डुकरात ती हजारावर आहेत. फ्रान्स आणि इटलीत जमिनीखाली वाढणारी एक महागडी भूछत्रे पूर्वी डुकरांकडून हुडकून घेत. आपल्याकडे पेरलेला भुईमूग उगवण्यापूर्वीच डुक्कर ओळ धरून उकरत जाते, ते याच नाकाच्या बळावर.

पारध्यांच्या काही गटांत शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाण्याची पद्धत होती. गाईमुळे माणसाचा आकार झाकला जाई, आणि गोठ्याचा ओळखीचा वास माणसाच्या वासावर पडत असेल असे मला वाटते. वास पुसता येत नाही, त्याच्यावर दुसरा वास घालता येतो, हे त्या लोकांनी कुठलीही बाटली न फोडता जाणले होते.

मग मी पुतण्याला विचारले, "तुला राखण करायची आहे ना? डुक्कर शेतात येऊ नये हेच हवे ना? मग तू स्वतःचा वास घालवायला का निघालास?"

तो थबकला. खरे तर यात सगळे आले. शिकाऱ्याला जनावर जवळ यायला हवे असते म्हणून तो वास झाकतो. राखणदाराला जनावर दूर राहायला हवे असते. जागल्याने अंगावर सोडा मारून माळ्यावर बसणे म्हणजे घराच्या कुत्र्याचे तोंड बांधून त्याला पहाऱ्यावर ठेवणे.

तेव्हापासून आमच्या शेतात उलटा फवारा सुरू झाला. त्याची कृती साधी आहे. नासकी किंवा तडकलेली अंडी कोंबड्या पाळणाऱ्याकडून स्वस्तात मिळतात. एका अंड्याला साधारण एक लिटर पाणी धरून अंडी फोडून घोटावीत आणि झाकण सैल ठेवून बादली तीन-चार दिवस उन्हात, घरापासून लांब ठेवावी. सैल झाकणाचे महत्त्व आमच्या घरात आता कोणाला सांगावे लागत नाही. नंतर फडक्यातून दोनदा गाळावे, नाहीतर पंपाचे नोझल तुंबते. हे पाणी पिकावर न मारता बांधावरच्या गवतावर, झुडपांवर आणि सुतळीवर मारावे. पंप लगेच धुवावा. मोठा पाऊस झाला तर पुन्हा मारावे, एरवी दहा-बारा दिवसांनी.

सुतळी कोठे बांधावी याला फार महत्त्व आहे. पुष्कळजण ती कमरेएवढी उंच बांधतात. डुकराचे नाक जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर चालते. खुंट्या ठोकून पहिली ओळ वीतभर उंचीवर आणि दुसरी तिच्यावर हातभर अंतराने घ्यावी.

आता वाऱ्याचे गणित पाहा, कारण वासाचे उपाय फसतात ते बहुधा येथेच. डोंगराच्या पायथ्याला दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते. दिवस मावळला की उलट होते. डोंगर निवतो, थंड हवा जड होऊन ओढ्या-ओढ्याने खाली वाहू लागते. शांत रात्री राख सोडून पाहा, ती ओढ्याच्या खालच्या अंगाला जाईल. म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या डुकराला खालच्या शेतातला वास रात्री आधी पोचतच नाही. आपण शेताच्या मधोमध बादली ठेवतो, आपल्याला दुर्गंधीने झोप येत नाही, आणि डुक्कर वरच्या अंगाने खुशाल आत येते. म्हणून वासाची सगळी सामग्री डोंगराकडच्या बांधावर, आणि तीही ओढ्यातून वर येण्याच्या वाटांवर ठेवली पाहिजे. डुकरांची वाट ठरलेली असते. खुरांचे ठसे आणि झाडांना अंग घासून लागलेला चिखल पाहिला की ती सापडते.

दुसरा उपाय वहिनींचा. दादांचे आणि पुतण्याचे घामाने भिजलेले सदरे न धुता त्या बुजगावण्यांना चढवतात आणि चार दिवसांनी बदलतात. धुतलेला सदरा घातलेले बुजगावणे फार तर पाखराला चालते. न्हाव्याच्या दुकानातले केसही आम्ही आणून बांधावर पसरले. हुंगताना केस नाकात गेले की डुक्कर बिचकते असे सांगतात. आमचा अनुभव असा की कोरड्या दिवसांत थोडा उपयोग झाला, पावसाने केस चिखलात बसले आणि काम संपले. रब्बीत ज्वारी-गव्हाभोवती करडईचे पाटे टाकण्याची आपली जुनी चाल मात्र मला या सगळ्यांहून भरवशाची वाटते. भुईमुगालाही करडईचा काटेरी पट्टा चालतो. आमच्या भागात सीताफळ उदंड, आणि शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. म्हणून काहीजण डुकरासाठी बांधावर सीताफळ लावा म्हणतात. डुक्कर पाला खायला येतच नाही, ते झुडपाखालून निघून जाते.

कोणताही एक वास दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. डुक्कर शहाणे जनावर आहे. वासामागे काही धोका नाही हे कळले की ते अंड्याच्या सुतळीखालून मान घालून येते. म्हणून वास बदलत राहावा, आणि मधूनमधून माणूस, कुत्रा, बॅटरीचा उजेड, डबा यांची जोड द्यावी. कणसात दूध भरल्यापासून दाणा कडक होईपर्यंतचे तीन आठवडे निभावणे एवढाच हेतू धरावा.

कुंपणात घरची वीज सोडण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये. डुकरासाठी सोडलेल्या तारेला चिकटून पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतकरीच गेला, अशा बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. मरणाऱ्याचे घर बुडते आणि तार लावणाऱ्याचेही. पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात, त्याने चरायला सुटलेल्या गाईचा जबडा फुटतो. सौर कुंपणाचे यंत्र निराळे. त्यात क्षणभराचा झटका बसतो आणि प्रवाह तुटतो. जंगलालगतच्या काही गावांना त्यासाठी सरकारी योजनेतून अनुदान मिळते. आपले गाव त्यात बसते की नाही, हे वनपालाला विचारावे.

नुकसान झालेच तर पंचनाम्याचा कंटाळा करू नये. रानडुकराने, रोह्याने केलेल्या पीकनुकसानीची भरपाई महाराष्ट्रात मिळते. पण अर्ज तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे गेला पाहिजे. दादाने मागल्या साली "उद्या जाऊ, परवा जाऊ" करीत आठवडा घालवला आणि आडवी पडलेली ताटे बैलांना चारून टाकली. मग पंचनाम्याला दाखवणार काय? पडलेल्या पिकाचे, ठशांचे फोटो सकाळीच काढून ठेवावेत आणि पंचनाम्यापर्यंत तो कोपरा तसाच राहू द्यावा. सातबारा आणि पासबुकाची नक्कल तयार असावी.

आता पुतण्याच्या मूळ फवाऱ्याकडे पुन्हा वळू, कारण तो अगदीच वाया जाणारा नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्याकडील अभयारण्यांत पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून जनावरांची नोंद करण्याची पद्धत आहे. आमच्या जिल्ह्यातही कन्नडकडच्या डोंगरात १९८६ साली जाहीर झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. अशा ठिकाणी बसणाऱ्याने अत्तर-पावडर लावू नये, बिडी-तंबाखू टाळावी, भडक कपडे घालू नयेत. तेथे वास झाकणे शहाणपणाचे, आणि कोणाचा जीवही जात नाही.

त्यासाठी पेरॉक्साइडची गरज नाही. एक लिटर पाणी उकळून निववावे, त्यात खाण्याचा सोडा दोन चहाचे चमचे विरघळवावा. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळलेले पाणी अर्धी वाटी त्यात घालावे. वासाच्या साबणापेक्षा रिठा बरा. कपडे आधी साध्या पाण्यात धुऊन, हे पाणी शिंपडून कडक उन्हात वाळवावेत आणि धुतलेल्या पोत्यात बांधून ठेवावेत, कपाटात डांबरगोळ्यांजवळ नकोत. रिठ्याचे पाणी दोन दिवसांत आंबते, म्हणून ताजेच करावे. पेरॉक्साइड वापरायचेच असेल तर उघड्या घमेल्यात, वापराच्या वेळी मिसळून, उरलेले ओतून द्यावे. त्याने रंगीत कापडाचा रंग उडतो, आणि डोळ्यांत गेले तर आग होते.

घरात या सोड्याच्या पाण्याचा उपयोग वहिनींनी मचाणाहून जास्त केला आहे. दुधाच्या किटलीचा आंबूस वास, पावसाळ्यात न वाळलेल्या दप्तराचा कुबट वास, रबरी बुटांचा वास, हे सगळे आम्लाचे वास, सोड्याने जातात. गोठ्यातल्या मुताचा उग्र वास मात्र सोड्याने हलत नाही, कारण तो अमोनियाचा. तेथे लिंबाचे किंवा व्हिनेगरचे पाणी लागते. ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करू नये, विषारी वायू सुटतो.

यंदा मक्यात दूध भरले तेव्हा पुतण्या आणि आबा दोघे मिळून ओढ्याच्या वाटा पाहून आले. क्लचच्या तारा गॅरेजवाल्याला परत गेल्या आहेत. डोंगराकडच्या बांधाला सुतळीच्या दोन ओळी झाल्या, तीन बुजगावण्यांना तीन सदरे चढले. माळ्यावर पुतण्या बसतो आणि त्याच्या खिशात राखेची पुडी असते. एका रात्री जोराचा पाऊस आला, अंड्याचे पाणी धुऊन गेले, आणि कळप खालच्या अंगाने आत शिरून पंधरा-वीस ताटे पाडून गेला. सकाळी सात वाजता वहिनींनीच फोटो काढले, आणि दादा दुपारच्या आत अर्ज देऊन आले.